आधी सांग, आत काय आहे

दुपारची ताटं धुऊन होतात न होतात तोच हॉस्टेलच्या फाटकाशी डिलिव्हरीवाल्यांच्या मोटारसायकली येऊन उभ्या राहायच्या आणि मावशींचं डोकं तापायला लागायचं. एक गेला की दुसरा. फाटकालगतच्या खोलीत बसणारे काका, म्हणजे मावशींचे यजमान, प्रत्येकाला पाणी विचारायचे, सही करायचे आणि पार्सलं रचून ठेवायचे. टेबलावरची जागा संपली की खुर्चीखाली, खुर्चीखालची संपली की प्रथमोपचाराच्या पेटीवर. एकदा एका उंच उडीवालीचं ढोपर फुटलं, तेव्हा पट्टी काढायला आधी खोक्यांचा ढीग उपसावा लागला होता.

हॉस्टेल खेळाडू मुलींचं होतं. धावणाऱ्या, उड्या मारणाऱ्या, थाळी-भाला फेकणाऱ्या, नुकत्याच वयात आलेल्यांपासून अठरापर्यंतच्या. मावशी तिथल्या रेक्टर. तरुणपणी त्या स्वतः गोळाफेक करायच्या. खांदे अजून तसेच रुंद होते आणि हाक मारली की मैदानाच्या पार पलीकडे ऐकू जायची. मुली पाठीमागे त्यांना ‘गोळा’ म्हणायच्या. मावशींना ते ठाऊक होतं, त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. वाटायचं ते त्या खोक्यांचं.

काय नसायचं त्यांत. मांजराचे कान लावलेले हेडफोन. गळ्यात अडकवायचा पंखा. पाणी प्यायची आठवण करून देणारी बाटली, जी आल्यापासून कुणी भरलीच नव्हती. मुलींना दरमहा भत्ता मिळायचा. तो खुराकासाठी, प्रवासासाठी, बुटांसाठी. तो खात्यात पडला की पहिला आठवडा हॉस्टेलात बाजार भरल्यासारखा असायचा. त्यानंतर मावशींच्या दाराशी रांग. कुणाला साबण हवा, कुणाला बसभाडं, कुणाला पॅड. मावशी देताना बोलायच्या आणि बोलून झालं की द्यायच्या. मुलींना हे इतकं पाठ झालं होतं की बोलणं संपेपर्यंत त्या हात पुढे करून शांत उभ्या राहायच्या.

उपाय करायचं मावशींनी काही बाकी ठेवलं नव्हतं. रविवारच्या बैठकीत तासभर बोलून घसा बसवून घेतला. फोन काढून घ्यायची धमकी दिली, तर त्याच संध्याकाळी पालकांचे फोन आले की लेकरांशी बोलायचं कसं. मग बँकेतले एक साहेब बोलावले. साहेबांनी पडद्यावर तक्ते दाखवले, चक्रवाढ व्याज समजावलं. मुलींनी त्यांच्याबरोबर फोटो काढून घेतले आणि बँकेच्या डायऱ्या फुकट मिळतील का विचारलं. शेवटचा उपाय म्हणून मावशींनी फर्मान काढलं की प्रत्येकीने पैसे साठवायला एकेक डबा ठेवायचा. त्यांच्या मनात बिस्किटाचा रिकामा डबा होता. चार दिवसांनी काकांच्या खोलीत पार्सलांची नवी थप्पी लागली. मुलींनी डबेच मागवले होते. डुकराच्या आकाराचे, नाणं टाकलं की डोळे लुकलुकणारे, एक तर गाणं म्हणणारा.

मावशींनी कपाळावर हात मारला. काका म्हणाले, “अगं, तू सांगितलंस ते ऐकलं तरी त्यांनी.”

“तुम्ही गप्प बसा,” मावशी म्हणाल्या.

या सगळ्यांत चिमणी सगळ्यात लहानखुरी. लांब पल्ल्याची धावपटू, अंगापिंडाने एवढीशी, म्हणून ते नाव. धावायला लागली की मात्र सर, म्हणजे धावण्याचे कोच, हातातलं घड्याळ बघून स्वतःशीच हसायचे. तिचे वडील रंगारी होते, लोकांच्या घरांना रंग द्यायचे. तिच्या बुटांचे तळ झिजून गुळगुळीत झाल्याचं कळल्यावर त्यांनी दोन कामांची उचल घेऊन नव्या बुटांचे पैसे पाठवले होते. निवड चाचणी तोंडावर होती. सरांनी बूट कुठले घ्यायचे तेही लिहून दिलं होतं.

आणि तेवढ्यात कुठलासा सेल लागला. दुपारी पडल्या पडल्या चिमणीने फोनवर बूट शोधायला घेतले आणि बुटांच्या शेजारी एक दिवा दिसला, अंधारात छतावर चांदण्या पाडणारा. निम्म्या किमतीत, फक्त थोडा वेळ. मग त्याच्यासोबत नखांवर चिकटवायचे स्टिकर, मग हेडफोन, कारण इतकी खरेदी झाली की घरपोच येण्याचे पैसे माफ होते. बुटांचं पुढच्या महिन्यात बघू, असं तिने ठरवलं आणि जुन्या बुटाच्या तळाला चिकटपट्टी गुंडाळून ती सरावाला जायला लागली.

चिकटपट्टी किती टिकणार? वळणावर बुटाचा तळ जिभेसारखा लोंबला, पाय अडकला आणि घोटा मुरगळला. फिजिओने घोट्याला पट्टा बांधून सांगितलं की सहा आठवडे धावायचं नाव काढायचं नाही. चाचणी हुकली.

सरांनी तो बूट मावशींच्या टेबलावर आणून ठेवला. मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बुटांचे पैसे आले होते हे त्यांना माहीत होतं. पैसे आल्याच्या दिवशी चिमणी स्वतःच नाचत सांगायला आली होती. त्यांनी तिला समोर बसवून असं फैलावर घेतलं की बाहेरच्या ओसरीत दोऱ्यांवर कपडे वाळत घालणाऱ्या मुली ओले कपडे तसेच टाकून पळाल्या. चिमणी मान खाली घालून ऐकत राहिली. वडिलांना सांगू नका एवढंच म्हणाली. मावशी म्हणाल्या, मी नाही सांगणार, तूच सांगायचं, आणि रविवारच्या आत.

पण घोट्याची बातमी कळताच वडीलच आले. रात्रभर बसमध्ये बसून, कामाच्या कपड्यांतच, फक्त शर्ट बदलून. नखांच्या कडांना पांढरा रंग तसाच होता. मावशी त्यांना वर घेऊन गेल्या. लेकीचा पाय त्यांनी मांडीवर घेतला, सूज दाबून पाहिली, दुखतं का विचारलं. मग म्हणाले, “बूट दाखव की नवे. फोटोपण नाही पाठवलास.”

चिमणीने मावशींकडे पाहिलं. मावशींनी खिडकीबाहेर पाहिलं. शेवटी तिने हात लांब करून पडदा ओढला आणि उशाजवळचा दिवा लावला. छतावर निळ्या-हिरव्या चांदण्या पसरल्या आणि सावकाश फिरायला लागल्या.

वडील मान वर करून बराच वेळ बघत राहिले. त्यांना कळायला थोडा वेळ लागला आणि कळल्याचं चेहऱ्यावर दिसलं. ते म्हणाले, “छताला दुसरा हात नीट दिलेला नाही. रोलरच्या रेघा उठल्यात बघ उजेडात.” मग पुन्हा थोड्या वेळाने, “छान आहे दिवा.”

त्यापुढे ते बुटांबद्दल काही बोलले नाहीत. मावशींनी जेवून जायचा आग्रह केला, त्यांनी कामाचं सांगितलं. फाटकाशी काकांनी चहा पाजला तेव्हा ते एवढंच म्हणाले की छताचं काम फार अवघड, मान धरते. मावशींना त्या क्षणी चिमणीला पुन्हा एकदा झोडपावंसं वाटलं आणि त्या ताडताड वर गेल्या.

चिमणी रडून रडून सुजली होती. मावशींनी तोंड उघडलं आणि पहिल्यांदाच त्यांना आपलंच भाषण ऐकू आलं. कष्टाचा पैसा, आईबापांचा घाम, तुमच्या वयात आम्ही. हे सगळं त्यांनी इतक्यांदा म्हटलं होतं की त्यात आता काही उरलं नव्हतं. त्या खाटेच्या कडेवर बसल्या आणि वैतागून का होईना, पण खरोखर विचारलं, “काय मिळतं गं तुम्हाला त्यात? मला एकदा समजाव.”

चिमणीने नाक पुसलं. “घेताना बरं वाटतं, मावशी. बोट लावलं की. आणि मग येणार, येणार असं असतं ना, तेव्हापण. खोकं उघडलं की संपतं.”

“संपतं म्हणजे?”

“संपतं म्हणजे दुसरं बघावंसं वाटतं.”

मावशी त्या दिवशी भांडीवालीवरही ओरडल्या नाहीत. त्यांच्या डोक्यात पोरीचं बोलणं फिरत होतं. बरं वाटतं ते वाट बघताना. मग बघा म्हणावं वाट, पोटभर बघा. काकांच्या खोलीत पूर्वी खेळाचं सामान ठेवायचं एक लोखंडी कपाट होतं. त्यातल्या फुटक्या चेंडूंची आणि गंजलेल्या साखळ्यांची त्यांनी विल्हेवाट लावली, आतून पुसून घेतलं आणि जेवणघरात नियम सांगितला. आलेलं प्रत्येक पार्सल न उघडता कपाटात जाईल. वस्तू परत पाठवायची मुदत संपायच्या आदल्या दिवशी ते मिळेल. मिळण्याआधी आत काय आहे ते सांगायचं. आठवलं तर घेऊन जा, नाही आठवलं तर आल्या वाटेने परत.

एकच कल्ला झाला. थाळीफेकवाल्या मुलीला सगळ्या ‘वकील’ म्हणायच्या, ती उभी राहून म्हणाली की आमची वस्तू अडवून ठेवायचा तुम्हाला अधिकारच नाही. दुर्दैवाने ते खरं होतं. सरांनीही मावशींना बाजूला घेऊन तेच सांगितलं. मावशी म्हणाल्या ठीक आहे, सक्ती नाही. पण जिचं पार्सल कपाटात, तिच्यासाठीच माझं दार उघडं. बाकीच्यांनी महिनाअखेर साबण, बसभाडं, काय हवं ते त्या डिलिव्हरीवाल्याकडे मागायचं. पॅड मात्र सगळ्यांना, ते कुणाला अडवायचं नाही. मुलींनी आपसांत कुजबुज केली. महिन्याची वीस तारीख होती. सगळ्यांची पार्सलं कपाटात आली.

कपाट पहिल्यांदा उघडलं त्या दिवशी खोलीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. वकील सगळ्यात पुढे. तिचं खोकं चांगलं मोठं होतं. मावशींनी ते मांडीवर धरलं. “सांग, आत काय आहे?”

“टी-शर्ट,” वकील म्हणाली. मग खोक्याचा आकार बघून म्हणाली, “किंवा टी-शर्ट आणि काहीतरी.”

“काहीतरी काय?”

“मावशी, जड आहे का ते सांगा ना आधी.”

खोक्यात भाज्यांच्या गोल गोल चकत्या करायचं यंत्र निघालं. जिला हॉस्टेलात चाकूसुद्धा धरायला मिळत नव्हता तिने ते मागवलं होतं. हसून हसून काकांना ठसका लागला. त्या दिवशी निम्म्याहून जास्त खोकी परत गेली आणि मावशी जेवताना नवऱ्याला म्हणाल्या की बघा, हे आधीच सुचायला हवं होतं.

ही ऐट फार दिवस टिकली नाही. कपाटात पार्सलं कमी व्हायला लागली तेव्हा मावशींना वाटलं मुली सुधारल्या. मग एका सकाळी समोरचा वह्या-पेनं विकणारा दुकानदार हात जोडून आला. म्हणाला, बाई, तुमच्या मुलींना काहीतरी सांगा, मला माझ्याच दुकानात बसायला जागा राहिली नाही. मावशी जाऊन बघतात तर काउंटरमागे, फळीवर, झेरॉक्सच्या यंत्रावर खोकीच खोकी. मुलींनी पत्ता बदलला होता. दुकानदार आधी एकेका खोक्यामागे थोडे सुटे पैसे घ्यायचा, आता त्याला तेही परवडत नव्हतं.

जेवणघरात मावशी त्या दिवशी इतक्या बोलल्या की वाढलेलं गार झालं. मुली खाली बघून जेवत राहिल्या. मावशी थांबल्यावर कोपऱ्यातून चिमणी म्हणाली, “म्हणजे आपण आपल्याच वस्तूंचं भाडं भरत होतो.” एवढंच. ती स्वतःच्या मैत्रिणींना म्हणाली, मावशींना नाही. पण दोघी-तिघी एकमेकींकडे बघून ओशाळून हसल्या. मावशींच्या घसाफोडीने जे झालं नव्हतं ते या एका वाक्याने झालं, याचा मावशींना आनंद व्हायला हवा होता. झाला राग.

तरीही दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटाची किल्ली चिमणीकडे दिली. नाहीतरी सराव बंद होता, पाय स्टुलावर ठेवून ती दिवसभर काकांच्या खोलीतच गप्पा मारत बसायची. किल्ली मिळाल्यावर पोरगी पार बदलली. पार्सल आलं की ती मालकिणीला तिथल्या तिथे विचारायची, हे कधीपासून हवं होतं, कालपासून की बऱ्याच दिवसांपासून? मुली मावशींना थापा मारायच्या, तिला मारता येत नव्हत्या, कारण ती शेजारच्याच खाटेवर झोपायची आणि कुणी किती वाजता काय मागवलं ते बघत असायची. परत गेलेल्या वस्तूचा पैसा खात्यात आला की संध्याकाळपर्यंत दुसरीकडे उडतो, हेही तिच्याच लक्षात आलं. तिने मावशींच्या मागे लकडा लावला की आम्हाला दुसरं खातं काढून द्या, ज्याला कार्ड नाही आणि जे फोनवरही दिसत नाही, पैसे काढायचे तर बँकेत जाऊन रांगेत उभं राहावं लागेल असं.

त्या खात्यांपायी मावशींच्या नाकी नऊ आले. वयाने लहान मुली, म्हणजे प्रत्येकीच्या आईवडिलांची सही. एकीच्या आधार कार्डावर नाव वेगळं, दुसरीच्या वडिलांचा फोनच लागेना, तिसरीने फोटोत डोळे मिटलेले. बँकेतले तेच साहेब मावशींना बघून खुर्चीत सावरून बसायचे. पण खाती निघाली. भत्ता आला की आधी खुराक आणि प्रवास बाजूला, मग थोडे त्या खात्यात, उरलेल्यात काय हवी ती मौज, असं चिमणीने ठरवलं. ज्यांना पटलं त्यांनी केलं. वकीलबाईला शेवटपर्यंत पटलं नाही. ती महिनाअखेर साबण मागायला येतच राहिली आणि मावशी बोलून बोलून देतच राहिल्या.

एकदा मात्र हद्द झाली. उंच उडीवालीला फिजिओने गुडघ्याला घालायचा पट्टा तातडीने मागवायला सांगितला होता. तो आला आणि चिमणीने कपाटात कुलूपबंद केला. पोरगी लंगडत मावशींकडे आली. मावशींनी खाली जाऊन किल्ली मागितली.

“मुदत पुढच्या मंगळवारी आहे,” चिमणी म्हणाली.

“अगं, तिचा गुडघा सुजलाय.”

“नियम तुमचा आहे, मावशी. आज हिला दिलं की उद्या सगळ्यांचे गुडघे सुजतील.”

समोरचं पोर अगदी त्यांच्याच आवाजात बोलत होतं, तोच कमरेवरचा हात, तोच वैताग. काका पेपरात तोंड लपवून बसले होते, पेपर हलत होता. शेवटी फिजिओच्या चिठ्ठीवर आलेलं लगेच द्यायचं असं ठरलं, तेही चिठ्ठी डोळ्यांनी बघूनच तिने कुलूप काढलं.

घोटा बरा झाला. बुटांसाठी मात्र चिमणीला आणखी थांबावं लागलं. मधल्या काळात काकांनी दोनदा सुचवलं की आपणच घेऊन देऊ या पोरीला, केवढे ते पैसे. मावशी नको म्हणाल्या आणि नको म्हटल्याबद्दल स्वतःवरच चिडून दिवसभर सगळ्यांवर डाफरत राहिल्या. एका मुलीचे पायाला लहान झालेले बूट घालून चिमणीने सराव चालू केला. पैसे पुरेसे साठले तेव्हा ती बँकेत जाऊन रांगेत उभी राहिली आणि सरांनी लिहून दिले होते तेच बूट घेऊन आली. फोटो वडिलांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं की तळ उलटा करून दाखव. तिने तोही दाखवला.

पुढच्या चाचणीत ती चौथी आली. निवड पहिल्या तिघींची होती. मावशी कठड्याला धरून उभ्या होत्या, त्यांना वाटलं आता पोरगी कोसळणार. तिने बूट काढले, आतली वाळू झटकली आणि सरांना विचारलं की शेवटच्या फेरीत मी उशिरा सुटले का. सर म्हणाले, हो, थोडी उशिरा. जेवायला बसली तेव्हा तिने दोनदा भात मागून घेतला. मावशींनी तिसऱ्यांदा न मागताच वाढला.

मग सुट्टी लागली आणि हॉस्टेल रिकामं झालं. मावशी आठ दिवस निवांत होत्या. नवव्या दिवशी चिमणीच्या आईचा फोन आला. बाई रडकुंडीला आल्या होत्या. म्हणाल्या, “मावशी, तुम्ही हिला काय शिकवून पाठवलंत? मी हौसेने एक पडद्यांचा जोड मागवला, तो हिने ट्रंकेत टाकून किल्ली घेतलीये. तिचे बाबा हसतायत नुसते. तुम्ही जरा सांगा तिला, तुमचं ऐकेल ती.”

मावशी म्हणाल्या की द्या तिला फोन. पलीकडे बरीच कुजबुज झाली. मग आईच पुन्हा फोनवर आली आणि म्हणाली की ती झाडत बसलीये, आणि तिने निरोप दिलाय की मावशींना नमस्कार सांग, पण पडदे शुक्रवारीच.

मावशींनी फोन ठेवला आणि समोरच्या नवऱ्याकडे रोखून पाहिलं, जणू हे त्यांनीच केलं होतं. “हे लोक मला वेड लावणार,” त्या म्हणाल्या, आणि नव्या वर्षासाठी खोल्यांचे पडदे उतरवून धुवायला टाकायला निघून गेल्या.